शिट्टी ज्याच्या गळ्यात

शाळेच्या स्मरणिकेसाठी हिरेमठ बाईंवर चार शब्द लिहून द्या, असा निरोप मला आला होता. मी लिहून दिलं. ते परत आलं, 'थोडं गोड करता आलं तर बघा' अशा शेऱ्यासह. मला गोड करता येत नाही. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहितोय आणि लोकांच्या दारात वाटतोय. पत्रकात साखर घातली की त्याची लग्नपत्रिका होते. म्हणून शाळेला जे नको होतं ते इथं लिहितो.

एक आधीच सांगतो. हिरेमठ बाई मला आवडायच्या, अजून आवडतात. पुढचं वाचून कुणी मला त्यांचा वैरी ठरवू नये.

बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या. हाडापेरानं मोठ्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि चाल अशी की व्हरांड्यात समोरून येणारा आपोआप भिंतीला लागायचा. माहेर कुरुंदवाडच्या पलीकडचं, सीमेलगतचं. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मुलगा असेल तर 'तम्मा' आणि मुलगी असेल तर 'तंगी', म्हणजे धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण. वर्गात गलका झाला की 'सुम्निरो!' अशी एकच आरोळी यायची आणि आमच्यासकट शेजारचा वर्गही गप्प व्हायचा. त्यांचे यजमान एसटीत कंट्रोलर होते. कोल्हापूरच्या स्टँडवर काचेमागं बसून गाड्या पुकारायचे. बाईंची सगळी विचारसरणी त्या काचेमागून आलेली.

ती कशी आली ते सांगतो. मी सातवीत होतो. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. शाळेचं स्नेहसंमेलन चालू होतं. स्टेजवरच्या पडद्याला दिव्याची धग लागली आणि कडेला जाळ दिसला. बोटभर जाळ. पण माईकवर एकदम पाच माणसं. हेडसर म्हणाले, 'जागेवर बसा.' संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, 'पोरांनो, पळा!' खेळाचे सर म्हणाले, 'मागच्या गेटनं.' कुणीतरी ओरडलं, 'मागचं गेट बंद हाय!' आणि सूत्रसंचालन करणारे सर इतके गांगरले की त्यांनी सवयीनं 'यानंतर आपल्यासमोर येत आहेत...' म्हणून टाकलं. हजारभर पोरं एका गेटवर जाऊन आदळली. पाचवीतल्या एका मुलीचा हात मोडला. जाळ मात्र चहावाल्यानं एका घागरीत विझवला होता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात म्हणाल्या, 'आगीनं काही केलं नाही. हात माईकनं मोडला.'

मग म्हणाल्या, 'स्टँडवर पाच कंट्रोलर बोलायला लागले तर चंदगडची गाडी शिरोळला जाईल की नाही? मग शाळेला एक नको?'

पुढचे दोन महिने त्यांनी हेडसरांचं डोकं खाल्लं आणि शेवटी शाळेला कंट्रोलर मिळाला. पद्धत अशी. दर आठवड्याला एक शिक्षक कंट्रोलर. पाळी हजेरीपटाच्या क्रमानं, त्यातून कुणाची सुटका नाही आणि कुणाला वगळायचं नाही. कंट्रोलरच्या गळ्यात पिवळ्या नाडीची शिट्टी. काही घडलं की तो मैदानाच्या मधोमध उभा राहणार आणि हुकूम फक्त त्याचा. हेडसरही त्याचं ऐकणार. प्रत्येक मजल्याला नववीतले दोन निरोपे, वर हुकूम न्यायला आणि खाली खबर आणायला. वर्गशिक्षकानं फक्त पोरं मोजायची. गेटवर एक जण, त्यानं पालकांना आत सोडायचं नाही, मग पालक कितीही मोठा असो. ज्याला जे काम दिलंय त्यानं तेवढंच करायचं.

पहिल्या सरावाची गंमत ऐका. आपल्याकडं काहीही पहिलं असलं की नारळ लागतो. शिट्टीला हळदीकुंकू वाहिलं. दादासाहेबांना बोलावलं. पहिली शिट्टी वाजवायचा मान त्यांचा. त्यांनी आधी भाषण केलं, मग हेडसरांनी त्यांच्या भाषणावर भाषण केलं, आणि ज्या काल्पनिक आगीतून आम्ही सुटायचं होतं ती लागायच्या आधीच दोन पोरं उन्हानं चक्कर येऊन पडली. बाई मैदानात दात आवळून उभ्या. दादासाहेबांनी हौसेनं शिट्टी फुंकली आणि विचारलं, 'कसं वाटलं बाई?'

'सगळी मेली, दादासाहेब,' बाई म्हणाल्या. 'तुमचं भाषण होईस्तोवर.'

दादासाहेब मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला. बाईंनी त्याच संध्याकाळी स्टाफरूमच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'आगीत मान नसतो.' ते वाक्य पुढं कितीतरी वर्षं तिथं होतं. खडू पुसट झाला की बाई स्वतः गिरवायच्या.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे निरोप परत म्हणायला लावणं. मी नववीत निरोप्या होतो, म्हणून मला ते पाठ आहे. बाई सांगणार, 'वरचा मजला, मागचा जिना, दप्तरं ठेवून.' आपण ते तसंच्या तसं परत म्हणायचं आणि मगच पळायचं. एक शब्द इकडचा तिकडं झाला की परत पहिल्यापासून. ही सवय त्यांनी घरीदारी सगळीकडं नेली. त्यांच्या पुतणीच्या लग्नात आचाऱ्याला गाठून सांगत होत्या, 'जिलबी पहिल्या पंगतीपासून. मठ्ठा भातानंतर. परत म्हणा बघू.'

आचारी म्हणाला, 'बाई, मी काय तुमच्या शाळंत हाय व्हय?'

'म्हणा की.'

'जिलबी भातानंतर, मठ्ठा...'

'बघा!' बाई साऱ्या मांडवाकडं वळून म्हणाल्या. 'बघा! म्हणून म्हणायला लावते.'

अशा बाई. मी शाळा सोडली, कॉलेजात गेलो, संघटनेत गेलो. आमचं कार्यालय शाळेसमोरच्या सायकल दुकानाच्या माळ्यावर होतं, त्यामुळं सरावाची शिट्टी मला महिन्यातून एकदा तरी ऐकू यायची आणि हातातलं काम टाकून उभं राहावंसं वाटायचं.

दोन हजार सालानंतर शाळेत कांबळे सर आले. शिक्षणसेवक, गणित आणि विज्ञान. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावचे. लहानपणी दोनदा पुरातून ट्रॅक्टरवर बसून गाव सोडलेलं, त्यामुळं बाईंचं खूळ ज्याला खूळ वाटलं नाही असा तो पहिला शिक्षक. सर बौद्ध. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण शाळेत हे कुणी बोलत नव्हतं आणि ते माहीत नसलेलं एकही माणूस शाळेत नव्हतं.

बाई आणि सर यांचं जमलं. बाईंच्या डब्यातली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी सर खायचे, सरांच्या डब्यातलं बाई खायच्या. 'आमच्या घरात जात नाही,' असं बाई सांगायच्या आणि ते खोटं नव्हतं. सरांनी आल्या आल्या एक गोष्ट दाखवली : पोरांची खिचडी शिजते ती शेड समोरच्या जिन्याखाली आहे. गॅस पेटला तर तो जिना धुराडं होणार. सरांनी अर्ज दिला, बाईंनी त्यावर सही केली, मी त्यावर पत्रक काढलं. शेड हलली नाही. हलवायला जागा होती, पण तिथं दादासाहेबांची गाडी लागायची.

आणि एके दिवशी दुपारच्या सुट्टीआधी ती शेड पेटली.

त्या आठवड्याचे कंट्रोलर कांबळे सर होते. तीन लांब शिट्ट्या ऐकून मी माळ्यावरून उतरलो तेव्हा सर मैदानात मधोमध उभे होते आणि समोरच्या जिन्यातून काळा धूर वर चढत होता. हुकूम साफ होता : 'समोरचा जिना बंद. सगळे मागच्या जिन्यानं.' खालचा मजला बघता बघता मोकळा झाला. वरचा होईना. वर इंग्रजीचे सर आणि संस्कृतच्या बाई, दोघं शाळेतले सगळ्यांत जुने. नववीतली मुजावरांची रेश्मा निरोप घेऊन वर गेली आणि धापा टाकत खाली आली.

'सर, वर विचारत्यात, हिरेमठ बाई काय म्हणतात?'

'त्यांना सांग, कंट्रोलरचा हुकूम हाय,' सर म्हणाले. 'मागचा जिना. परत म्हण.'

रेश्मानं परत म्हटलं आणि पळाली. वरच्या खिडक्यांतून धूर आत शिरताना खालून दिसत होता. पोरं गजांना धरून खोकत होती. रेश्मा परत आली. रडत होती. 'ते म्हणत्यात, त्याला काय कळतंय, आधी बाईंना विचारून ये.'

हे सगळ्या मैदानानं ऐकलं. बाई आठवीच्या रांगेपुढं उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्या रांग सोडून आल्या. सरांच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. नाडी चष्म्यात अडकली, चष्मा मातीत पडला. बाईंनी खाली पाहिलं नाही. त्यांनी शिट्टी फुंकली आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडल्या, 'समोरचा जिना बंद! मागच्या जिन्यानं उतरा!'

हुकूम तोच होता, शब्दही तेच. वरची दारं ताबडतोब उघडली.

सगळी पोरं उतरली. दोघींना धुरानं उलट्या झाल्या, संध्याकाळपर्यंत त्या बऱ्या झाल्या. बंब आला, गॅसची टाकी बाहेर ओढली. कांबळे सरांनी चष्मा उचलून शर्टाला पुसला आणि आपला वर्ग मोजला. मग ते बाईंकडं आले. मी दोन पावलांवर होतो.

'बाई, शिट्टी का घेतली?'

'पोरं वर होती, सर.'

'पोरं वर होती, म्हणूनच तर ती माझ्याकडं होती.'

शिट्टी बाईंच्या मुठीत होती. ती परत द्यावी हेसुद्धा त्यांना सुचलं नाही.

आठवड्याभरात बाईंचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. 'हिरेमठ बाईंच्या प्रसंगावधानानं अनर्थ टळला.' कांबळे सर त्या फोटोत नव्हते. खुर्च्या लावायची जबाबदारी त्यांच्याकडं होती. वरच्या मजल्यावरच्या दोघांना कुणी एक शब्द विचारला नाही. विचारणार कोण? मी पत्रक काढलं. शेड जिन्याखाली कुणी ठेवली आणि हुकूम कुणाचा ऐकला गेला नाही, दोन्ही प्रश्न नावानिशी. लोकांनी पहिला वाचला. दुसऱ्यावर म्हणाले, 'जाऊ द्या की, पोरं वाचली न्हवं?'

एका संध्याकाळी बाई माळ्याची शिडी चढून वर आल्या. हातात माझं पत्रक. स्टुलावर बसल्या.

'तम्मा, हे खरं आहे. पण अर्धं आहे.'

'उरलेलं काय, बाई?'

'सरांच्या मागच्या पाळीला सराव झाला होता, तेव्हाही वरनं निरोप परत आला होता, बाई काय म्हणतात म्हणून. त्याच्या मागच्या पाळीलाही. मी काय केलं? व्हय व्हय, उतरा, असं सांगून टाकलं. सराव पार पडला म्हणून खूश झाले. निरोपाचा एक शब्द चुकला तर मी पोरांना धारेवर धरायचे, आणि अख्खा निरोप उलटा फिरून आला तो मला दिसला नाही. दिसला नाही कसा, दिसला की. का येतोय तेही कळलं. म्हटलं, उगीच वाद कशाला. मी तेव्हाच वर जाऊन त्या दोघांना खाली ओढलं असतं, तर त्या दिवशी सरांच्या गळ्याला हात घालायची वेळ आली नसती.'

त्यांनी चेहरा पदरात घेतला. मी पत्रकात हजार लोकांना लाज वाटली पाहिजे असं लिहिलेलं आहे, पण खरोखर लाजलेलं माणूस इतकं जवळून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते बघणं सोपं नसतं. माळ्यावर पंखा नव्हता तरी मी खिडकी उघडायला उठलो नाही.

'हे लिही,' त्या म्हणाल्या.

'हे मी नाही लिहायचं, बाई. हे तुम्ही सांगायचं. जिथं तुमचा सत्कार झाला तिथं.'

त्या मान हलवून उतरून गेल्या. पण बोलल्या नाहीत. कांबळे सरांना चंदगडकडच्या एका शाळेत कायमची नोकरी मिळाली, ते गेले, तरी बोलल्या नाहीत. सराव बंद पडला. कुणी विचारलं की म्हणायच्या, 'आता कुणीतरी दुसरं बघा.' फळ्यावरचं वाक्य पुसट होत गेलं आणि एका दिवाळीच्या साफसफाईत गेलं. वर्गातली आरोळी ऐकू येईना. भूगोल मात्र शिकवत राहिल्या, खाली मान घालून. मला बाईंचा राग यायचा. आणि ज्या गावात असं गप्प बसल्यावर माणसाचा मान वाढतो त्या गावाचा त्याहून जास्त.

मग त्यांची निवृत्ती आली. शाळेनं निरोप समारंभ ठरवला. बाईंनी एकच अट घातली : चंदगडहून कांबळे सरांना बोलवा, नाहीतर मी येणार नाही. सर आले. पावसाळ्याचे दिवस. हातात भिजलेली छत्री, विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल. मागच्या रांगेत बसले. मी त्यांच्या शेजारी.

भाषणं झाली. सगळ्या भाषणांत आग होती आणि सगळ्या आगींत बाई एकट्या होत्या. मग बाई उठल्या. कागद नव्हता. म्हणाल्या, 'त्या दिवशी पोरं मी वाचवली नाहीत. हुकूम कांबळे सरांचा होता आणि तो बरोबर होता. वर तो ऐकला गेला नाही, कारण तो कांबळे सरांचा होता. असं होणार हे मला आधीपासून माहीत होतं आणि मी ते चालू दिलं. त्या दिवशी मी त्यांची शिट्टी काढून घेतली, तेव्हा न ऐकणाऱ्यांचं म्हणणं खरं करून दाखवलं. मला जी शाल दिलीत ती मी कधी अंगावर घेतली नाही. मला लाज वाटते.'

मला वाटलं, आता. आता कुणीतरी उठेल. संस्कृतच्या बाई समोरच बसल्या होत्या.

आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून सुरू झाल्या आणि मागंपर्यंत आल्या. संस्कृतच्या बाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. दादासाहेबांनी माईक घेतला. 'काय हे मन! केवढा हा मोठेपणा! अशी माणसं आता हुणार न्हाईत.' मग त्यांना काहीतरी सुचलं. 'कांबळे सर आल्यात न्हवं? या, या सर, पुढं या. तुमच्याच हातानं बाईंना पुष्पगुच्छ द्या. फोटोवाल्या, हिकडं ये रे.'

कुणीतरी सरांच्या हातात गुच्छ कोंबला. माना वळल्या. सर उठले. मी लिहायला बसलो की शब्द सापडतात, पण त्या क्षणी स्टेजवर बाईंचा चेहरा जसा झाला त्याला माझ्याकडं शब्द नाही. त्या हातानं 'नको, नको' करत होत्या आणि लोक ती नम्रता समजून आणखी टाळ्या वाजवत होते.

सरांनी गुच्छ मोकळ्या खुर्चीवर ठेवला, छत्री उचलली आणि दारातून बाहेर पडले.

बाई स्टेजवरून उतरल्या. मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, जवळजवळ पळत. मीही उठून दारापर्यंत गेलो. व्हरांड्यात त्यांनी सरांना गाठलं.

'सर, मी चुकले.'

सर थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमलेपणा होता. 'बाई, ते तुम्ही त्यांना सांगितलंत. मला कुठं सांगितलंत? चार वर्षं चंदगडला एसटी येते की.'

सर पायऱ्या उतरले. त्यांना पाचची गाडी गाठायची होती. आतून माईकवर पुकारा चालू होता, 'बाईंनी कृपया स्टेजवर यावं, फोटो राहिलाय.'

बाईंच्या चपला स्टेजच्या पायऱ्यांपाशी राहिल्या होत्या. बाई तशाच अनवाणी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या. गेटबाहेर पाऊस होता आणि स्टँडकडं जाणारा रस्ता गढूळ पाण्यानं भरला होता. सर छत्रीत पुढं चालले होते आणि बाई पावसात, त्यांच्यापासून दोन हात अंतर राखून. सायकल दुकान ओलांडल्यावर बाई काहीतरी बोलायला लागल्या असाव्यात, कारण सरांची चाल मंदावली. छत्री त्यांनी बाईंच्या डोक्यावर धरली नाही. पण थांबून ऐकत होते.

काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी जवळ गेलोही नाही. ते माझ्यासाठी नव्हतं, आणि आत टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी तर नव्हतंच.